मृतांचे देणे

नोव्हेंबरची दुसरी तारीख जवळ आली की भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या काठच्या आमच्या शिरूर-दौंडच्या मुलखाचे रूप पालटलेले असते. पाऊस सरलेला असतो, जिरायत रानातील शाळू वीतभर वर आलेला असतो आणि ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्यांच्या कोप्या साखर कारखान्यांच्या वाटेवर उभ्या राहू लागलेल्या असतात. अशा दिवसांत ख्रिस्तसभा आपल्या सर्व मृतजनांचे स्मरण करते. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांना या तारखेस सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याचा नियम घालून दिला आणि पुढे तो पश्चिमेकडील साऱ्या ख्रिस्तसभेने आपलासा केला. आमच्या दफनभूमीत त्या दिवशी सकाळपासून माणसांची वर्दळ असते. कबरींवरचे गवत उपटले जाते, क्रुसांवर चुन्याचा हात फिरतो, झेंडूच्या माळा चढतात आणि तिन्हीसांजेला धर्मगुरू पवित्र जल शिंपडीत ओळीने पुढे जातो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सांजेला मी शेवटची ओळ संपवून माघारी वळत होतो. तोच एक वृद्ध बाई माझ्या झग्याची बाही धरून मला कुंपणापाशी घेऊन गेल्या. तेथे बाभळीखाली मातीचा एक खचलेला उंचवटा होता. क्रूस नव्हता, दगड नव्हता. बाईंनी त्यावर एक मेणबत्ती लावली होती.

"फादर, हितंबी पानी शिंपडा. ह्याचं कुनी न्हाई."

"आजी, हे कोण?"

"समदी त्यास्नी मामाच म्हनायची. आमच्या हिरीचा पयला टिकाव त्येनं मारला व्हता."

मी पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली. रात्री मात्र झोप येईना, म्हणून उठून जुनी दफननोंदवही उघडली. बाईंनी सांगितलेल्या वर्षाच्या पानावर ती ओळ सापडली. तारीख, एक नाव, आडनावाची जागा कोरी, वयाच्या रकान्यात 'सुमारे ५०', व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर', आणि खाली माझ्या एका पूर्वसूरींची सही. एका माणसाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्याची या जगातील एवढीच नोंद होती. सातबाऱ्यावर खातेदार मरण पावला की त्याच्या नावाला कंस होतो आणि फेरफाराने वारसांची नावे लागतात. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती, त्याच्या वाट्याला तो कंससुद्धा येत नाही.

त्या रात्री मनात उभा राहिलेला प्रश्न आज वाचकांपुढे मांडावा असे वाटते. मृतांचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ते कोणत्या नाण्याने फेडावयाचे?

पहिल्याच पायरीवर एक आक्षेप उभा राहतो. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याची शिकवण अशी की, मेलेल्या माणसाची मरणाशी गाठच पडत नाही. ज्याला जाणीव उरली नाही त्याचे हित नाही आणि अहितही नाही. हे खरे मानले तर मृताचे देणे ही बोलण्याची एक पद्धत ठरते. कबरीवरचा दिवा आपल्या समाधानासाठी, श्रद्धांजलीची भाषणे आपल्या प्रतिष्ठेसाठी आणि वर्षश्राद्ध किंवा वर्षाची मिस्सा ही चार नातलग एकत्र जमण्याचे निमित्त. खरे सांगावयाचे तर आपल्यातील पुष्कळांचे वर्तन, ओठांवर श्रद्धा असली तरी, या एपिक्युरसच्याच शिष्यांसारखे असते.

ॲरिस्टॉटलला एवढे सोपे उत्तर मानवले नाही. आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात तो विचारतो की, माणसाच्या मुलाबाळांचे आणि मित्रांचे बरेवाईट त्याच्या मरणानंतर त्याला मुळीच स्पर्श करीत नाही असे म्हणावे काय? त्याचा कौल सावध आहे. परिणाम झाला तर तो क्षीण असेल, असे तो म्हणतो. परंतु संबंध सर्वस्वी तुटतो असे म्हणण्यास तो तयार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचा ख्रिस्ती विचारवंत कीर्केगार्द याने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रेमविषयक ग्रंथात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहिला. जिवंत माणसावरच्या आपल्या प्रेमात परतफेडीची आशा कोठेतरी लपलेली असते. मृत माणूस काहीच परत देऊ शकत नाही आणि विसरलो तर तक्रारही करू शकत नाही. म्हणून आपले प्रेम निरपेक्ष आहे की नाही, हे मृताच्या स्मरणात कसाला लागते, असे त्याचे म्हणणे. कुंपणाशी मेणबत्ती लावणाऱ्या त्या आजींनी कीर्केगार्दचे नावही ऐकलेले नव्हते. परंतु त्या परीक्षेत त्या उतरल्या होत्या.

तरीही मला वाटते की, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा शेतात लवकर सापडते. आपल्या भाषेत 'देणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. जे आपल्याला मिळाले तेही देणे आणि जे आपल्याकडून फिटावयाचे आहे तेही देणे. शेतकऱ्याच्या घरात हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. आज ज्या विहिरीवर वीजपंप चालतो, ती कोणीतरी टिकावाने आणि पहारीने खणली, खडकात हाताने भोके पाडून सुरुंग लावले, गाळ पाटीपाटीने वर काढला. ज्या बांधामुळे माती रानातच राहिली, तो कोणीतरी घातला. ज्या चिंचेखाली दुपारची भाकर सोडली जाते, ती लावणाऱ्याने तिच्या चिंचा बहुधा खाल्ल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात या दोन्ही तालुक्यांतील माणसांनी सरकारी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन लेकरे जगविली. आज पाटाचे पाणी आले आहे, ऊस उभा आहे, घरांवर स्लॅब पडले आहेत. पण त्या वर्षी ज्यांनी माती वाहिली त्यांतील बहुतेक आता स्वतःच मातीत आहेत.

आणखी मागे जावे. दौंड स्थानकातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि त्या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. नगरकडे जाताना आपण गाडीच्या खिडकीशी निवांत बसतो, तेव्हा ज्या भरावावरून गाडी धावते तो भुकेल्या माणसांनी घातलेला आहे. तिकिटाच्या किमतीत त्यांचे देणे फिटत नाही.

या मुलखाला देण्याची दुसरी, कडवट ओळखही आहे. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी १८७४ च्या डिसेंबरात गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सारा वाढला होता आणि कुळे कर्जात रुतली होती. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कागदांवर होता. ठिकठिकाणी कर्जरोखे आणि खतपत्रे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. पुढे १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्या होळीचा विचार करताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. बापाचे आणि आज्याचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येत असे. म्हणजे मेलेला आजा गावात सगळे विसरले तरी सावकाराच्या वहीत मात्र जिवंत होता. त्याचे नाव तारीखवार, व्याजासह लिहिलेले होते. आज्याने खणलेल्या विहिरीची, घातलेल्या बांधाची, पोसलेल्या पोरक्या भाच्यांची वही मात्र कोणीच ठेवलेली नव्हती. माणसाने दुसऱ्याचे काय घेतले याची नोंद जग चोख ठेवते; त्याने काय दिले याची नोंद ठेवण्याचे काम प्रेमावर सोडलेले असते आणि प्रेम बहुधा निरक्षर असते.

मग आपण कोणाचे स्मरण करतो? याबाबतीतही आमचा मुलूख बोलका आहे.

शिरूर ही एके काळी इंग्रजांची छावणी होती. तेथील जुन्या दफनभूमीत कर्नल वॉलेस या लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, शिरूर आणि आसपासच्या गावांतील लोक त्याला 'सतपुरुष' म्हणून मानतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपाशी आणतात. परक्या देशातून आलेला, परक्या सत्तेची तलवार बाळगणारा, परक्या धर्माचा माणूस. आणि कुणबी आपल्या रानातले पहिले कणीस त्याच्या कबरीवर ठेवतो! धर्मगुरू या नात्याने मी त्या पूजेचे समर्थन करणार नाही. परंतु त्या कणसाकडे पाहून मला थोडा मत्सर वाटतो, हे कबूल केले पाहिजे. पीक हाती आले की मृताची आठवण पहिल्यांदा करावी, ही जाणीव किती खोल आहे! खंत एवढीच की, ते कणीस ज्यांनी त्या रानाचे दगड वेचले त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या कबरी आणि चितास्थाने कोणाला ठाऊक होती? कर्नलची कबर दगडी होती, म्हणून ती टिकली. आपल्या स्मरणाचा ओघ असा दगडाच्या उताराने वाहतो.

दौंड तालुक्यातील केडगावकडे पाहावे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले. ज्यांचे आईवडील १८७४ साली उपासमारीने गेले, त्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया तेथे आणल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले. त्यांचा पंथ आमचा नव्हता. परंतु ख्रिस्ताची करुणा कोणा एका पंथाच्या कुंपणात मावत नाही. रमाबाईंचे स्मरण भारताने केले; १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, आणि ते योग्यच झाले. पण दुष्काळाने खंगून गेलेल्या ज्या मुली वाचविण्याच्या पलीकडे गेल्या होत्या, त्या तेथेच मातीआड झाल्या. त्यांचे तिकीट कोण काढणार? रमाबाईंचे थोरपण मला अशात दिसते की, ज्यांच्याकडून जगाला काहीच मिळणार नव्हते अशा मुलींनाही त्यांनी निदान मरण्यापुरते का होईना, एक घर दिले.

आणि भीमा ओलांडताच पेरणे येथे जो जयस्तंभ उभा आहे, त्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' या अखेरीची अनेक नावे आहेत. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांची नावे दगडावर राहिली. स्तंभ उभारणाऱ्या कंपनी सरकारचा हेतू स्वतःच्या गौरवाचा होता. पण १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापुढे उभे राहिले, तेव्हा त्या नावांना वेगळाच अर्थ आला. नातवंडांना आपली मान ताठ करण्यासाठी आज्याचे नाव कोठेतरी वाचता यावे लागते, हे त्या दगडाने दाखवून दिले. त्याच परिसरात १ जानेवारी २०१८ रोजी जी हिंसा झाली आणि एका तरुणाचा प्राण गेला, ती दुसरा धडा शिकवते. मृतांची नावे जिवंतांच्या हातात शस्त्रासारखी दिली, तर स्मरणाचे वैर होते. नाव पुसणे हा अन्याय आहे. नाव वापरणे हाही अन्यायच आहे.

येथवर मी दुसऱ्यांच्या स्मरणाविषयी लिहिले. आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

एका धर्मग्रामात असताना तेथील एका प्रतिष्ठित शेतकऱ्याचा अंत्यविधी मी केला. चर्च भरून गेले होते. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा मोठा फ्लेक्स लागला होता. माणूस मला देवळाच्या कामात मदत करीत असे, सणाला आवर्जून भेटत असे. प्रवचनात मी त्याच्या दातृत्वाची स्तुती केली आणि ओघात बोलून गेलो की, या माणसाने आयुष्यात कोणाचे वाईट केले नाही. सर्वांनी माना डोलावल्या. महिन्याची मिस्सा झाल्यावर एक विधवा बाई मागे थांबल्या. त्या मृताच्या धाकट्या भावाच्या पत्नी होत्या.

"फादर, तुमी देवाच्या घरात हुबं ऱ्हाऊन म्हनला, त्यांनी कुनाचं वाईट केलं न्हाई. मग मी इतकी वर्सं खोटं रडले का?"

नवरा वारल्यावर वारसनोंदीच्या वेळी तिच्याकडून अंगठा घेऊन विहिरीलगतची दीड एकर जमीन थोरल्याच्या नावावर गेली होती. गावाला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते. एका वाक्याने मी त्या बाईची साक्ष देवाच्या वेदीपुढे खोटी ठरविली होती. मृताला माझ्या स्तुतीने काही मिळाले नाही. जिवंत माणसाचे मात्र शेवटचे होते तेही गेले: आपल्यावर अन्याय झाला, हे कोणीतरी जाणते, एवढा तिचा आधार होता.

मृतांविषयी चांगलेच बोलावे, हा नियम फार जुना आहे. ग्रीक लोक तो स्पार्टाच्या खिलोन या ज्ञानी पुरुषाचा म्हणून सांगत. मरणाबरोबर वैर संपावे, असे आपल्याकडेही मानतात. या नियमात शहाणपण आहे. मृत माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही. त्याच्या मागे त्याची उणी काढणे भ्याडपणाचे आहे. परंतु वैर संपविणे वेगळे आणि सत्य पुरणे वेगळे. पहिल्यात क्षमा आहे. दुसऱ्यात क्षमेची संधीच हिरावून घेतली जाते, कारण ज्याने काही अपराध केलाच नाही त्याला क्षमा कशाची करावयाची? आज फ्लेक्सवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर प्रत्येक मृत मनुष्य देवमाणूस होतो. त्या गर्दीत खरोखरचा भला माणूस ओळखू येत नाही आणि अन्याय सोसलेल्याला तोंड उघडण्यास जागा उरत नाही. खोटी स्तुती हे मृताला दिलेले खोटे नाणे आहे.

तेव्हापासून मी पवित्र ग्रंथातील एक प्रसंग पुन्हा पुन्हा वाचीत आलो आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा आपल्या पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलण्यास जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. नियमशास्त्राने ते निषिद्ध होते. यहूदापुढे दोन सोपे मार्ग होते: ताईत गुपचूप काढून टाकून त्यांना निष्कलंक हुतात्मे ठरवावे, किंवा पापी म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवावी. त्याने तिसरा मार्ग धरला. पाप उघडपणे मान्य केले, मृतांसाठी प्रार्थना केली आणि सैन्यातून दोन हजार रौप्य नाणी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठविली. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आपल्या ख्रिस्तसभेचा प्रघात याच उताऱ्याचा आधार घेतो. त्याचा अर्थ मला उशिरा कळला. 'हा माणूस निर्दोष होता' असे भाषण म्हणते; 'प्रभो, याला क्षमा कर' असे प्रार्थना म्हणते. दोहोंत अधिक सत्य प्रार्थना बोलते आणि अधिक प्रेमही तिच्यातच आहे. शुद्धिस्थानाविषयीची आपली श्रद्धा लहानपणी आपण आगीच्या चित्रांवरून शिकलो. तिचा गाभा असा की, अपुऱ्या अवस्थेत गेलेल्या माणसालाही देव टाकून देत नाही आणि आपणही टाकू नये.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात हेच केले आहे. त्यांची माता संत मोनिका ३८७ साली ओस्तिया येथे वारली. आपला देह कोठेही पुरा, त्याची काळजी करू नका, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढीच तिची इच्छा होती. तिच्यावर अपार प्रेम करणाऱ्या या पुत्राने तिला कोऱ्या संगमरवराची केली नाही. बालपणी तिला चोरून मद्याचे घोट घेण्याची सवय लागली होती आणि एका दासीच्या टोमण्याने ती सुटली, हे त्यांनी लिहून ठेवले. वडील पात्रिसियुस यांचा तापट स्वभाव आणि पत्नीशी प्रतारणाही त्यांनी झाकली नाही. आणि इतके सांगून झाल्यावर त्यांनी वाचकांना विनंती केली की, वेदीपुढे या दोघांचे स्मरण करा. पुढे नोला येथील बिशप पावलिनुस यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी मृतांच्या काळजीविषयी एक पुस्तिका लिहिली. थडगी आणि अंत्ययात्रा यांनी जिवंतांचे सांत्वन अधिक होते, मृतांना साहाय्य होते ते प्रार्थनेचे, दानधर्माचे आणि मिस्साबलिदानाचे, असा तिचा आशय आहे. महामारीच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत, चार माणसांच्या उपस्थितीत घाईने पुरलेल्या आप्तांसाठी रडणाऱ्या कुटुंबांना मी हाच आशय पुन्हा पुन्हा सांगितला. गर्दी जमली नाही म्हणून तुमचे देणे बुडाले नाही.

परंतु प्रार्थनेलाही कर्माची जोड लागते. त्या शेतकऱ्याचा मुलगा पहिल्या वर्षदिनी बापाच्या आत्म्यासाठी मिस्सा मागावयास आला. मी त्याला जवळ बसविले आणि माझी चूक प्रथम सांगितली. मग म्हणालो, "बाळा, मिस्सा मी अर्पण करीन. पण जे हाती आहे ते परत केल्यावाचून त्याचे पाप फिटत नाही, असे संत ऑगस्टीनने एका पत्रात लिहिले आहे. तुझा बाप आता परत करू शकत नाही. तू करू शकतोस. बापाचे जर काही देणे तुझ्यावर असेल, तर ते हेच." तो बराच वेळ खाली पाहत बसला आणि काही न बोलता उठून गेला. पुढे काय झाले ते सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणतो की, जक्कयाच्या घरी प्रभू जेवावयास गेला तेव्हा तारणाची गोष्ट आणि परतफेडीची गोष्ट एकाच बैठकीत निघाली होती.

म्हणून मृतांचे देणे फेडावयाचे तर तीन गोष्टी आपल्या हाती आहेत असे मला वाटते. त्यांचे नाव ठेवणे, त्यांच्याविषयी खरे बोलणे, आणि त्यांच्याकडून राहिलेले पुरे करणे. पहिली गोष्ट तर आपल्यातील कोणीही करू शकतो. या नोव्हेंबरात प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही घ्यावी. घरातील म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि विचारावे: आपली विहीर कोणी खणली? दुष्काळात आपल्याला कोणी धान्य दिले? आजीचे माहेरचे नाव काय होते? आपल्या रानात कोण सालाने राहत असे? आपण कोणाचे काही ठेवून घेतले आहे काय? शेवटचा प्रश्न विचारण्यास धैर्य लागेल. उत्तरे देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

आणि तरीही पुष्कळ नावे निसटून जातील. आमचे हिंदू शेजारी सर्वपित्री अमावस्येला, ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्यांचेही स्मरण करतात. त्यात माणसाच्या स्मृतीच्या मर्यादेची नम्र कबुली आहे. बेन सिराचा ग्रंथ थोर पुरुषांची स्तुती करता करता मध्येच थांबतो आणि ज्यांची काहीच आठवण उरली नाही अशांचाही उल्लेख करतो. आपल्या मिस्साविधीतही, ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे अशा मृतांसाठी प्रार्थना आहे. वेदीपाशी उभा असताना त्या शब्दांपाशी मी नकळत थबकतो. क्रुसावरच्या चोराने प्रभूकडे जीव मागितला नाही, सुटका मागितली नाही. फक्त आठवण ठेव म्हणाला. माणसाची शेवटची मागणी हीच असते. आपण ती अर्धीमुर्धी पुरी करू शकतो; पुरी करणारा एकच आहे, ज्याने यशयाच्या तोंडून सांगितले की, त्याने आपल्याला तळहातांवर कोरून ठेवले आहे. त्याच्या वहीत कोणाच्या नावाला कंस होत नाही.

पुढच्या वर्षी २ नोव्हेंबरला मी मृतांच्या यादीत नोंदवहीतले ते नाव घातले. मिस्सामध्ये ते वाचले तेव्हा कोणालाच ओळख पटली नाही. आजी मात्र पहिल्या बाकावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितले की, ते मामांचे नाव होते. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवले, जणू एखादी हरवलेली वस्तू उलटसुलट करून पाहावी. मग म्हणाल्या, "चांगलं नाव व्हतं की, फादर." आणि मेणबत्ती घेऊन कुंपणाकडे चालू लागल्या.